पळसबोडीचा गरम झरा

पळसबोडीचा तलाव गुणवंतरावांच्या आजोबांनी बांधला आणि सरकारने तो एका कागदाने घेतला. मालगुजारी, म्हणजे गावची मालकी, गेली त्याचं गुणवंतरावांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. सगळ्यांचीच गेली होती, आणि सगळ्यांबरोबर जे जातं त्याचं दुःख माणूस वाटून घेतो. त्यांना सलत होती ती तुडुमाची किल्ली. तुडुम म्हणजे पाळीतलं, तलावाच्या बांधातलं, दगडी दार. ते उघडलं की तलावाचं पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, उतरतं. पूर्वी त्याला लाकडी बूच होतं, आणि ते काढायची वेळ आली की गुणवंतरावांचे वडील नारळ फोडून नुसतं "काढा" म्हणत. सरकारने तिथे लोखंडी दार बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली पोचू चौकीदाराच्या कमरेला बांधली. पोचू स्वभावाने गरीब होता. गुणवंतराव दिसले की तो किल्ली धोतराच्या सोग्यात लपवायचा, आणि त्यामुळे ती जास्तच दिसायची.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा साहेब लोकही मुंबईहून येऊ लागले. नागपूरचे साहेब वाघासाठी येत. तलावांचे नवे मोठे साहेब, खारकर, माशांसाठी आले. ते मूळचे अलिबागकडचे. सुट्टीच्या दिवशी होडी घेऊन खोल समुद्रात जायचं आणि काठीला गळ लावून सुरमई पकडायची, हा त्यांचा छंद. मासा मिळाला की फोटो काढायचा, वजन करायचं, आणि पुष्कळदा कोळ्यालाच देऊन टाकायचा. हे ऐकून तलावावर जाळी टाकणारा लटारू ढिवर गुणवंतरावांच्या कानाशी येऊन म्हणाला, "खाची नाई, विकाची नाई, तं मासोळीनं याचं बिघडवलं काय?"

दिवाळीनंतरच्या पहिल्या भेटीत साहेबांनी पाळीवर उभं राहून गावाला समुद्र समजावून सांगितला. समुद्र बाहेरून एकच दिसतो, पण आत त्याला उन्हाळे-हिवाळे आहेत. पावसाळा सरता सरता तळचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. त्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे जीव येतात, त्यांच्यामागे बांगडा येतो आणि बांगड्यामागे सुरमई. पाणी एखाद-दोन अंशांनी इकडचं तिकडे झालं की सगळा थवा मुक्काम हलवतो. म्हणून दुसरे लोक नशिबाला विचारून गळ टाकतात, आपण पाण्याला विचारतो. असं म्हणून त्यांनी खिशातून पितळी खोळीतला थर्मामीटर काढला, दोरीने तलावात सोडला आणि थोड्या वेळाने वाचून दाखवला. गोड्या पाण्यातही नियम तोच, फक्त हिवाळ्यात उलटा, असं ते म्हणाले. इथला रोहू थंडीत खोल जाऊन सुस्त बसत असणार. उबदार जागा सापडली, तर मासा तिथेच येईल.

जमलेल्यांपैकी समुद्र फक्त गुणवंतरावांनी पाहिला होता. एका खटल्यासाठी ते मुंबईला गेले होते तेव्हा चौपाटीवर त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं होतं, आणि एवढं पाणी धानाच्या उपयोगाचं नाही हे कळल्यावर त्यांना मनापासून हळहळ वाटली होती. आताही त्यांचं लक्ष सुरमईकडे नव्हतं. बोलता बोलता साहेब म्हणून गेले होते की, तुडुमाच्या किल्ल्या चौकीदारांकडून काढून गावोगावच्या एकेका जबाबदार माणसाकडे द्यायचं घाटतं आहे, आणि माणूस निवडणं त्यांच्याच हातात आहे. पौषात ते काठी घेऊन येणार होते. पौषात पळसबोडीच्या तलावात रोहू गळाला लागल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

गुणवंतरावांनी आधी शास्त्राचा मार्ग धरला. सिंदेवाहीच्या डॉक्टरांकडून त्यांनी थर्मामीटर मागून आणला आणि उबदार जागा शोधायला लटारूच्या डोंग्यातून तलावभर फिरले. पण तो ताप मोजायचा थर्मामीटर होता. त्यातला पारा चढतो तो झटकल्याशिवाय उतरत नाही, आणि डॉक्टरांनी तो कोणाच्या तरी काखेतून काढून तसाच दिला होता. त्यामुळे पाळीशी, मधोमध, कमळांत, सावलीत, जिथे बुडवावा तिथे तलावाला एकशे एक ताप निघाला. संध्याकाळी गुणवंतरावांनी निष्कर्ष काढला की तलाव सगळीकडे सारखाच आहे. उबदार जागा नसेल तर ती करावी लागेल.

आता ती करायची कशी, हे त्यांना स्वतःच्या परसात सुचलं. धान घरी आलं की त्यांच्या पत्नी रुखमाबाई वर्षाचा उसना तांदूळ करायला बसत. धान रात्रभर भिजवायचं, मोठमोठ्या हंड्यांत उकडायचं, वाळवायचं, मग कांडायचं. हंड्यांचं उरलेलं कढत पाणी परसातल्या दगडी नालीतून खाली बायकांच्या घाटावर तलावात जाई. गुणवंतरावांनी सांगितलं की, यंदा ते सगळं साहेबांच्या सकाळी झालं पाहिजे. आदल्या दिवशीपासून शेजारणींचे हंडे आणून चुली पेटवल्या गेल्या. पाणी वाटेत निवू नये म्हणून नालीवर भाताच्या पेंढ्याची तणस पसरली. कारण विचारल्यावर गुणवंतरावांनी साहेबांचं समुद्राचं व्याख्यान जमेल तेवढं सांगितलं. रुखमाबाईंनी ते धुरात डोळे पुसत ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात इतके हंडे नाई चढले. आता मासोळ्याइची आंघोळ काढून राह्यलो आमी."

साहेब आले, पाळीवर बसले. ऊन चढेपर्यंत गळ हललासुद्धा नाही. तेव्हा गुणवंतरावांनी अदबीने सुचवलं की बायकांच्या घाटाकडे पाणी जरा बरं असतं, असं जुने लोक सांगत. साहेबांनी तिथे थर्मामीटर सोडला, वाचला, पुसला, पुन्हा सोडला. पाळीशी सहासष्ट फॅरनहाइट होतं, घाटाशी एकोणऐंशी. त्यांनी कणकेची गोळी लावून गळ टाकला आणि बसायच्या आत काठी वाकली. पुढे बराच वेळ ती वाकतच राहिली. सगळ्यात मोठा रोहू इतका मोठा होता की, फोटोत साहेब त्याच्या मागे उभे असल्यासारखे आले.

मासे उबेला आले की उकडल्या धानाच्या पेजेला आणि कोंड्याला, हे ठरवायचं तर एकदा नुसतं गरम पाणी सोडून पाहायला हवं होतं आणि एकदा नुसता थंड कोंडा. ते कोणी केलं नाही. साहेबांना गरज वाटली नाही, कारण त्यांचा नियम खरा ठरला होता. गुणवंतरावांना वाटली नाही, कारण मासा लागला होता. घाटावर भांडी घासणाऱ्या बायकांना धान उकडायच्या दिवसांत तिथे मासोळ्या येतात हे दरवर्षी दिसत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर साहेबांनी आपला शोध जाहीर केला. घाटाच्या तळाशी गरम पाण्याचा झरा आहे. कोकणात असे झरे त्यांनी पाहिले होते, इथे सापडेल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं. बोलता बोलता त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाले, "हा तर आमच्याकडच्या उकड्या तांदळासारखा लागतो. इथेही करतात वाटतं?"

"करतेत," रुखमाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंतराव पानातल्या मिठाकडे पाहत होते.

किल्ली त्याच दुपारी त्यांच्या हातात आली. पोचूने ती सुटकेचा श्वास सोडत दिली. साहेबांनी सोबत एक हुकूमही दिला. झऱ्याचं तोंड वरच्या पाण्याच्या दाबाने उघडं राहिलं आहे, तो दाब कमी होता कामा नये. म्हणून तुडुम कोणत्याही कारणाने उघडायचं नाही. असली जोखीम चौकीदाराच्या भरवशावर टाकता येत नाही, त्यासाठी जबाबदारच माणूस पाहिजे. घाटाला काट्यांचं कुंपण पडलं आणि बायका भांडी घेऊन लांबच्या काठाला जाऊ लागल्या. गुणवंतरावांनी किल्ली देवघरात टांगली. सणावाराला तिला हळदीकुंकू लागे.

पुढचा पावसाळा आला, जोरात पडला आणि भाद्रपदाच्या शेवटी एकदम थांबला. आश्विनात धान पोटरीत आलं आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या. तलाव काठोकाठ भरून उभा होता. एका सकाळी लोक गुणवंतरावांच्या अंगणात येऊन बसले. कोणी काही मागितलं नाही. पानसुपारी झाली, पाटाची मोडकी कड कोणी दुरुस्त करायची यावर बोलणं झालं. शेवटी मुखरू, ज्याची बांधी तुडुमाच्या पहिल्या पाण्यावर होती, सहज विचारावं तसं म्हणाला, "भाऊ, चाबी तुमच्यापाशी हाये ना?"

"हाये."

"मंग कुलूप कोणापाशी हाये?"

कोणी हसलं नाही, हेच गुणवंतरावांना लागलं. उद्या सांगतो म्हणून त्यांनी लोकांना वाटेला लावलं आणि दिवसभर घरातल्या घरात फिरत राहिले. तुडुम उघडलं तर हुकूम मोडतो आणि किल्ली जाते. झरा नाहीच असं साहेबांना कळवलं तर हुकूम उडतो, पण किल्ली तरीही जाते, आणि वर हंड्यांची गोष्ट जिल्हाभर होते. गप्प बसलं तर किल्ली राहते आणि धान जातं. रुखमाबाईंना यात अडचण दिसत नव्हती. धान उकडलं होतं म्हणून सांगून टाका, असं त्या म्हणाल्या.

"सायबाच्या तोंडात होता तो भात," गुणवंतराव म्हणाले. "खाऊन नाई समजलं त्याले. आता मी काऊन समजावू?"

"मंग चाबीची पूजाच करा. धान नाई तं निवदाले काय दाखवसान?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, नारळ घेतला आणि किल्ली उघड्या हातात धरून गावातून चालत पाळीवर गेले. सगळं गाव मागून आलं. कुलूप गंजलं होतं, ते पोचूने दगडाने ठोकून मोकळं केलं. गुणवंतराव वडिलांसारखं "काढा" म्हणायला गेले, पण लोखंडी दाराला काढायचं काही नव्हतं, म्हणून "फिरवा" म्हणाले. पाणी सुटलं. मुखरू पाटातून त्याच्या पुढे पुढे धावला. त्या वर्षी पळसबोडीचं धान असं पिकलं की आरमोरीच्या बाजारात लोक गावाचं नाव विचारत होते.

पौषात खारकर साहेब मुंबईच्या मित्रांना घेऊन आले. प्रत्येकाच्या हातात काठी होती. रुखमाबाईंनी सांगितल्याबरहुकूम हंडे चढवले होते. धान भरपूर होतं, त्यामुळे पाणीही भरपूर होतं. पण तलाव अर्धा खाली गेला होता. घाटाच्या पायऱ्यांपुढे चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडला होता आणि नालीतलं पाणी त्यात जिरून तलावापर्यंत पोचतच नव्हतं. साहेब बूट काढून चिखलातून पाण्यापर्यंत गेले, थर्मामीटर सोडला, वाचला आणि तसेच उभे राहिले. चौसष्ट. थोडा वेळ त्यांचा चेहरा घरात कोणी गेल्यासारखा झाला. मग हळूहळू तो उजळला. ते मित्रांकडे वळले आणि म्हणाले की, नेमकं हेच त्यांनी लिहून ठेवलं होतं. दाब गेला, झऱ्याचं तोंड बुजलं. याहून चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता.

मग त्यांनी न रागावता किल्लीसाठी हात पुढे केला. त्या शांतपणाने गुणवंतरावांचा धीर सुटला.

"साहेब, झरा नव्हताच," ते म्हणाले. "आमच्या घरचे हंडे होते. धान उकडलं होतं. ते पाणी नालीनं येते, ती पाहा नाली. आत्ताही येऊन राह्यलं."

साहेबांनी नालीकडे पाहिलं. तणशीखालून वाफ निघत होती. त्यांनी गुणवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक झाली, मान्य करा. मी समजू शकतो, पीक होतं. पण इतक्या जुन्या घराण्यातल्या माणसाने अशी गोष्ट रचू नये."

मित्र दुसरीकडे पाहू लागले. किल्ली पोचूच्या कमरेला गेली. मग सगळे जेवायला आले, आणि भाताची पुन्हा तारीफ झाली.

गावाने गुणवंतरावांना दोष दिला असं म्हणता येणार नाही. धान तर घरात होतं. पण साहेबांनी मुंबईला जाऊन झऱ्यावर लिहिलं, त्याचा कागद तहसिलीत आला, आणि पाहुणे येऊन विचारू लागले. विचारल्यावर काहीतरी सांगावं लागतं. लटारू सांगू लागला की त्या पाण्याने त्याच्या बापाचं गुडघ्याचं दुखणं गेलं होतं. घाटाचं कुंपण केव्हाच जळणात गेलं होतं. बायका पुन्हा तिथे भांडी घासत आणि लेकरांचे खरुजलेले हात पाहून म्हणत, झरा असता तर इतकं औषध लागलं नसतं. मुखरूने तर एकदा गुणवंतरावांच्या तोंडावरच म्हटलं, "भाऊ, धान वाचवलं तुमी. पण झरा गेला आपला." त्याच्या आवाजात कृतज्ञता आणि हळहळ दोन्ही होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. गुणवंतरावांनी हंड्यांची गोष्ट पुन्हा सांगून पाहिली. लोकांनी ती साहेबांसारखीच समजूतदारपणे ऐकून घेतली.

पुढे ते सांगायचे थांबले. थंडीच्या दिवसांत सकाळी पाळीवरून फिरून येताना घाटाशी त्यांची पावलं रेंगाळत. घरात धान उकडत नसे, नाली कोरडी असे. आसपास कोणी नाही असं पाहून ते शेवटच्या पायरीवर उकिडवे बसत, बाही वर करत आणि पाण्यात हात घालून जरा वेळ तसाच ठेवत.