पोंतवेर्नच्या खुर्चीने विचारलेला प्रश्न

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मी सांगते ते समोर आणा. वेल्समधल्या डोंगरउतारावरचं पोंतवेर्न नावाचं गाव. गावातली शाळा. शाळेच्या सभागृहात तीनशे मुलं आणि त्यांच्या घरची माणसं दाटीवाटीने बसली आहेत. मंचावर काळसर तपकिरी रंगाची एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर कोणी बसलेलं नाही. सगळ्यांची नजर त्या रिकाम्या जागेवर आहे. दिसली ना? ती मी.

खुर्ची होण्याआधी मी बाक होते. गावातलं प्रार्थनाघर बंद पडलं तेव्हा तिथली ओकची बाकं विकायला काढली. एमलिन नावाच्या सुताराने त्यातलं एक घरी आणलं आणि सहा आठवडे खपून मला घडवलं. माझ्या पाठीवर त्याने वेल्श भाषेत एकच ओळ कोरली. कोरताना तो आपल्या आजीची गोष्ट सांगे. शाळेत स्वतःची वेल्श बोली बोलली म्हणून तिच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवली होती. दिवसभर ती पाटी घालून तिला वर्गात उभं राहावं लागलं होतं.

"तेव्हा लाकूड गळ्यात अडकवलं, आता ते मुलांना मान द्यायला वापरायचं," एमलिन म्हणायचा.

माझं काम वर्षातून एकदाच असतं. एक मार्चला शाळेत आयस्टेदवॉद भरतो, म्हणजे गाण्यांचा आणि कवितांचा मेळावा. वेल्शमध्ये सगळ्यात चांगली कविता लिहिणारं मूल माझ्यावर बसतं. पण त्याआधी मुख्याध्यापक लाकडी तलवार म्यानातून अर्धी बाहेर काढतात आणि सभागृहाला विचारतात, "आ ओइस हेदूख?" म्हणजे, शांतता आहे का? कोणाची हरकत नाही ना? सगळे उत्तर देतात, "हेदूख." शांतता आहे. असं तीनदा होतं. मगच बसायचं.

पहिली काही वर्षं फार थाटाची गेली. माझ्या पाठीवर पितळी पट्ट्यांवर नावं लागू लागली. मग गावातल्या घरांत वेल्श कमी होत गेली. एके वर्षी एकच कविता आली. पुढच्या वर्षी एकही नाही. मला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्यावर चढून लोकांनी दिवे बदलले, रंगाचे डबे ठेवले. माझा मागचा पाय खिळखिळा झाला. राग कोणाचाच नव्हता, मित्रांनो. नुसतं विसरले होते.

नंतर काळ फिरला. शाळेने पुन्हा दोन्ही भाषांत शिकवायला सुरुवात केली. खोलीच्या दारातून मला वेल्श ऐकू येऊ लागली, पण बोलणारी मुलं वेगळी होती. कोणाच्या घरी सोमाली बोलत, कोणाच्या घरी पोलिश, कोणाच्या बंगाली. मैदानात भांडताना मात्र सगळी वेल्शमध्ये भांडायची. एका सकाळी मुख्याध्यापक हॉवेल सरांनी मला बाहेर काढलं, हलवून पाहिलं आणि सहावीच्या वर्गात विचारलं, "ही दुरुस्त करणारं कोणी ओळखीचं आहे का?"

तनू गजभियेने हात वर केला. "माझे आजोबा," ती म्हणाली.

अशी मी तीन आठवडे गजभिये यांच्या गॅरेजमध्ये राहिले. बबनआजोबांनी नागपूरला आयटीआयमध्ये चाळीस वर्षं सुतारकाम शिकवलेलं. त्यांनी माझा पाय सोडवला, जुना सरस खरवडून काढला, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कारागीर हुशार होता बाप्पा. एकबी खिळा नाही."

तनू उलट्या बादलीवर बसून कविता लिहायची. विषय होता 'घर'. तिच्या कवितेत कुकरच्या शिट्ट्या होत्या, रंध्याचा आवाज होता, इस्पितळातून दमून आलेल्या आईच्या चपला होत्या. मधूनच ती आजोबांना विचारायची, "आजोबा, तुमचा रंधाची आवाज कशी असते?"

"आवाज कसा असतो."

"तेच. कसा असते?"

आजोबा हसायचे आणि रंधा चालवून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि वेल्शमध्ये शब्द शोधायची. तिचं मराठी अडखळत असे, वेल्श मात्र पाण्यासारखं वाहत असे.

स्पर्धेत कविता टोपणनावाने द्यायची असते; खरं नाव वेगळ्या बंद लिफाफ्यात असतं आणि तो निकालाच्या वेळीच उघडतात. तनूने जमिनीवरचा लाकडाचा एक छिलका उचलला, आजोबांना त्याचं नाव विचारलं आणि कवितेखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'ढलपी'. दुसऱ्या दिवशी आजोबाच कविता आणि लिफाफा शाळेत देऊन आले.

एक मार्चच्या सकाळी मला गाडीच्या मागच्या भागात आडवं घालून शाळेकडे नेलं जात होतं. तनूची आई धम्मशीला गाडी चालवत होती. तनू नखं खात होती.

"घाबरतेस काऊन?" आजोबा म्हणाले. "तुझी एक चूक मी तेव्हाच दुरुस्त केली. पोरीनं पेपरवर नावच टाकलं नव्हतं. मी मागच्या बाजूला लिहून दिलं. तनू प्रज्ञेश गजभिये, इयत्ता सहावी."

तनूने नखं खाणं थांबवलं. मग तिचा आवाज फुटला. "आजोबा, ते अलाऊड नाहीये. खरा नाव असला तर कविता बाद."

"बिननावाचा पेपर कोण तपासते? आम्ही शून्य देत होतो."

"त्यांना कोणाची कविता आहे ते कळायलाच नको असतं. नाव नाही, आडनाव नाही. फक्त कविता बघतात."

"आडनाव न बघता तपासतात?"

"हो."

आजोबा खिडकीकडे वळले. मग अगदी हळू म्हणाले, "जन्मभर आम्ही हेच मागत होतो. आडनाव पाहू नका, काम पाहा. आणि इथं आयतं मिळालं, तर मीच ते लिहून बसलो."

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," धम्मशीला म्हणाली. "मराठीत लिहिलंय ना? त्यांना वाचता कुठे येतंय. तनू, गप्प बस तू. काही होत नाही."

"आई, दॅट्स चीटिंग."

"मग काय, सगळ्यांसमोर आजोबांचं नाव घेणार आहेस?"

 तनूचा हात मागे आला आणि माझ्या दांड्याला घट्ट धरून राहिला. 

सभागृह भरलं. परीक्षक प्रोसरबाई उठल्या. त्या गावातल्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी आधी दुसरा क्रमांक सांगितला. मली हे नाव टोपणनावाच्या लिफाफ्यातून निघालं. मली ही तनूच्याच बाकावर बसणारी. तिच्या घरच्यांना दोनदा माझ्यावर बसायचा मान मिळाला होता, माझ्या पाठीवर तिच्या आत्याचं आणि काकांचं नाव आहे. तिलाही मी हवी होते, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पहिली कविता बाद झाली असती, तर तो मान तिलाच मिळाला असता.

मग तुतारी वाजली. "आजचा कवी आहे 'धालपी'," प्रोसरबाई म्हणाल्या. "तो किंवा ती जिथे असेल तिथे उभं राहावं."

कोणी उठलं नाही. बाईंनी पुन्हा पुकारलं. मुलं मागे वळून पाहू लागली. पाचव्या रांगेत बबनआजोबा मान खाली घालून बसले होते.

तनू उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या, पण तिने हात वर करून त्या थांबवल्या. वेल्शमध्ये ती म्हणाली, "थांबा. माझ्या कवितेच्या मागे माझं खरं नाव आहे. आमच्याकडे पेपरवर नाव लिहिल्याशिवाय तो देत नाहीत, म्हणून घरच्यांनी लिहिलं. त्यांना आपला नियम माहीत नव्हता. मी सांगायला हवं होतं. नियमाने माझी कविता बाद आहे."

प्रोसरबाईंनी कागद उलटा केला. चष्मा वर सरकवून पाहिलं. "हे नाव आहे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दोरीवर वाळत घातलेले कपडे काढलेत. विषय 'घर' होता ना."

सभागृह हसलं. तनू मात्र हसली नाही.

"मी कविता निवडली तेव्हा मला ती कोणाची हे माहीत नव्हतं," बाई पुढे म्हणाल्या. "पण नियम माझा एकटीचा नाही. तो या सभागृहाचा आहे."

हॉवेल सरांनी तलवार हातात घेतली. "मग सभागृहालाच विचारू," ते म्हणाले. "दरवर्षी आपण हा प्रश्न सवयीने विचारतो आणि सवयीने उत्तर देतो. आज विचार करून द्या. कोणाची हरकत असेल तर गप्प राहा. तेवढं पुरेल."

त्यांनी तलवार अर्धी ओढली. "आ ओइस हेदूख?"

मित्रांनो, एवढी शांतता मी त्या सामानाच्या खोलीतही ऐकली नव्हती. सगळ्यांनी हळूच मलीकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं. मग ती उभी राहिली आणि तिने एकटीने उत्तर दिलं. "हेदूख."

तलवार पुन्हा निघाली. "आ ओइस हेदूख?" आता अर्धं सभागृह उठलं. डोक्यावर रुमाल बांधलेल्या सोमाली आया, खाणीत काम केलेले म्हातारे, पोलिश बेकरीवाला, धम्मशीला. "हेदूख!"

तिसऱ्या वेळी तर माझ्या पायाखालच्या फळ्या हादरल्या. सगळं सभागृह उभं राहून ओरडलं. आणि सगळे थांबल्यावर, एक श्वास मागे पडलेला एक जाडसर नागपुरी आवाज आला, "हेदूख!" बबनआजोबा डोळे पुसत उभे होते. लोक पुन्हा हसले आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू लागले.

देश कसा बनतो, असं मुलं मला विचारू शकत नाहीत. पण विचारलं असतं तर मी त्यांना ती दुपार सांगितली असती. एमलिनच्या आजीच्या वेळी एका भाषेने दुसरीच्या गळ्यात पाटी अडकवली होती. आज दोन भाषांच्या त्या सभागृहात कागदामागे तिसऱ्या भाषेतलं नाव आलं, त्यातली चूक एका मुलीने स्वतः सांगितली, आणि हरकत आहे का हे सगळ्यांना विचारलं गेलं. कोणाला तरी विचारलं जातं आणि त्याच्या उत्तराला किंमत असते, तेव्हा तो माणूस तिथला होतो. म्हणून तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. जुन्या वस्तू आणि जुन्या भाषा कपाटात जपू नका. त्या वापरा, त्यांच्यावर बसा, त्यांत भांडा, त्यांचे सांधे ढिले झाले की कोणाला तरी बोलवा. आणि तो माणूस कुठून आला हे नंतर विचारा.

तनू मंचावर आली. तिच्या खांद्यांवर जांभळा झगा घातला गेला. ती माझ्यावर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. छायाचित्रकार पुढे सरसावला आणि म्हणाला, "हलू नकोस हं, सरळ बस."

तनू हललीच. ती माझ्या एका हाताला चिकटून बसली, झग्याचं टोक गोळा केलं आणि उरलेल्या जागेवर तळवा आपटत खाली ओरडली, "मली, फोटो काढतायत. ये की लवकर!"