जिव्हाळीमहर्षींचा सत्कार

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून ‘पीं’ असा आवाज आला. कोंबडीच्या पिलाला कुणी चिमटा काढावा तसा.

“कशाचा आवाज गं, नीला?” बाहेरच्या खोलीतून आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रमाबाई.

“दार वाजलं,” तोंडातली जिव्हाळी हातात घेत मी म्हणाले.

त्या उठल्या, तेलाची बुधली घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीत दोन थेंब सोडून गेल्या. त्या महिन्यात चौथ्यांदा. अख्ख्या परतुरात आमच्याइतकं तेल प्यालेलं दार दुसरं नसेल. माझी चार वर्षांची रेणू भिंतीशी तोंड उघडं टाकून झोपली होती. ती झोपली की माझे दोन तास सुरू होतात. त्यातला अर्धा तास ती एका डोळ्यानं जागी असते, ते सोडून द्या.

जिव्हाळी म्हणजे सनईच्या टोकाला बसवतात ती बोरूची दुहेरी पाती. दोन पातींमध्ये केसाएवढी फट, खाली पितळेची बारीक नळी, वरून दोऱ्याचे वेढे. सनई शिसवीची असो, चांदीनं मढवलेली असो, बोलते ती हीच करंगळीच्या पेरापेक्षा लहान वस्तू. आणि जालना जिल्ह्यात जिव्हाळी म्हटली की माझे सासरे मार्तंडमामा. दुधनेच्या काठचा बोरू आणायचा, भिजवायचा, चिरायचा, ब्लेडनं तासायचा, सावलीत वाळवायचा. शेवटी तोंडात धरून थुंकीनं ओली करायची आणि फुंकून बघायची. जास्त तासली तर चिरकते, कमी तासली तर मुकीच राहते. ते फक्त ओठांना कळतं, डोळ्यांना नाही.

ओठ मात्र पुरुषाचे पाहिजेत. जिव्हाळीला बाईचं तोंड लागलं की सूर फाटतो, हे आमच्याकडं सगळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे. कुणी करून पाहिलं होतं का, असं विचारलं तर म्हणतात, पाहायची गरजच काय, सूर फाटला असता ना.

दोन वर्षांपूर्वी मामांचे दात गेले. कवळी आली. कवळीच्या तोंडानं चणे खाता येतात, भाषण करता येतं, पण जिव्हाळी धरली की बाजूनं वारा सुटतो. बोटंही थरथरायला लागली होती. मी तोवर नुसता दोरा धरायचे, मग वेढे घालायला लागले, मग तासायला. फुंकून बघायची वेळ आली तेव्हा मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं. जिव्हाळी माझ्यापुढं पाटावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, “दार लाव.”

तेव्हापासून जिल्ह्यातल्या सगळ्या सनया माझ्या तोंडच्या. एकही सूर फाटला नाही. उलट मार्तंडबुवांच्या हाताला म्हातारपणी गोडी आली, असं लोक म्हणायला लागले. माझे यजमान गिरिधर रोज सकाळच्या गाडीनं बदनापूरला ऑफिसात जातात. त्यांना वाटतं बायको दुपारची झोपते. आणि मी गप्प राहते, कारण हे बाहेर फुटलं तर मामांचं नाव जाईल, आणि मामांचं नाव गेलं की माझे ते दोन तास जातील. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही. पण पोळ्या, धुणं, रेणूची अंगाई ह्या सगळ्यात एवढी एकच गोष्ट आहे जी नीट झाली की आपली आपल्याला ऐकू येते.

मग चौऱ्याण्णवच्या चैत्रात देवळाच्या समितीनं मामांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरवला. अध्यक्ष अण्णासाहेब. आडत बाजारात त्यांचं मोठं दुकान, आणि निवडणूक जवळ आलेली. तोवर देवळात सकाळची सनई त्यांनीच कॅसेटवर नेली होती, कारण कॅसेट चहा मागत नाही. पण सत्काराला खरी सनई पाहिजे म्हणून जालन्याहून भुजंगराव बोलावले. भुजंगराव म्हणजे मिशी, अत्तर आणि मग सनई, ह्या क्रमानं. मामांनी लाल मखमलीवर पाच जिव्हाळ्या मांडल्या. सहावी मी औषधाच्या रिकाम्या डबीत घालून बरोबर घेतली. का, ते माहीत नाही. लेकराला घेऊन बाहेर जाताना जादाचा फ्रॉक घेतो तसं. निघताना आत्याबाई पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, “दार बंद केलं का बराबर? का दारच संगं घेतलं?” मी त्यांच्याकडं बघितलं. त्या चपला शोधत होत्या.

देवळापुढच्या मांडवात भाषणं झाली. एका प्राध्यापकांनी सांगितलं की विलायतेतही ओबो आणि बासून नावाची अशीच दुहेरी पातीची वाद्यं असतात आणि तिथले मोठमोठे वादक आपापली पाती घरी बसून स्वतः तासतात. त्यावर भुजंगराव बसल्या जागेवरून म्हणाले, बिचारे, त्यांच्याकडं मार्तंडबुवा न्हाईत. लोक हसले, टाळ्या पडल्या. अण्णासाहेबांनी मामांना ‘जिव्हाळीमहर्षी’ ही पदवी दिली. पदवी आधीच छापून, काचेत बसवून आणलेली होती.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडं वस्तूचा मान राखायचा तर तिला हळद-कुंकू लागतं. खंडेनवमीला फावडी, मोटारी, शिलाई मशीन, सगळ्यांना लागतं. अण्णासाहेब म्हणाले, महर्षींचा सत्कार झाला, आता त्यांच्या हत्यारांचा झाला पाहिजे. त्यांच्या पत्नी नंदाबाई पुढं झाल्या आणि एकेका जिव्हाळीच्या थेट तोंडावर ओली हळद, त्यावर कुंकू, त्यावर तांदूळ असं मन लावून थापत गेल्या. ओवाळताना निरांजनातलं तूपही सांडलं. मामा हात वर करून “राहू द्या, राहू द्या” म्हणत होते. लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या पडल्या.

भुजंगरावांनी पहिली पुसून लावली. फुस्स. दुसरी लावली. फुस्स. तिसरीतून तांदळाचा दाणा उडाला आणि प्राध्यापकांच्या चष्म्यावर बसला. चौथी, पाचवी. फटीत शिरून हळदीचं सिमेंट झालं होतं. पण ते कुणाच्या ध्यानात येईना, कारण पूजेनं काही बिघडतं असं मनात आणायचं तरी कसं. मागच्या रांगेतून आवाज आला, “म्हातारा संपला.” दुसरा म्हणाला, हात गेल्ता तर सांगायचं होतं, उगं खर्चा केला. अण्णासाहेबांनी कॅसेटवाल्याला खूण केली. व्यासपीठावर मामा शालीत बसलेले, हनुवटी खाली. त्यांचे थरथरणारे हात आता सगळ्यांना दिसत होते.

आत्याबाईंचा कोपर माझ्या बरगडीत बसला. पुढं बघत त्या म्हणाल्या, “बघत काय राह्यली? दार आण.”

मी खांबाआड गेले, पदर तोंडावर घेतला आणि डबीतली जिव्हाळी गालात धरली. कोरडी जिव्हाळी बोलत नाही. तिला वेळ द्यावा लागतो. नेमक्या तेव्हा शेजारच्या तुळजाबाईंना माझी चौकशी सुचली. एकच लेकरू का? मी मान हलवली. दुसऱ्याचं काय? मी मान हलवली. अशी गुणी सून पाहिजे, त्या पलीकडच्या बाईला म्हणाल्या, सासऱ्याच्या दुःखानं तोंडातून शब्द फुटून न्हाई राह्यला.

जिव्हाळी मऊ झाली. ओठांना कळलं. मी ती रेणूच्या मुठीत दिली आणि आजोबांना नेऊन दे म्हणाले. रेणू लोकांच्या मांड्यांवरून पाय देत व्यासपीठावर गेली. मामांनी मूठ उघडून पाहिलं, मग माझ्या खांबाकडं पाहिलं, आणि जिव्हाळी भुजंगरावांपुढं धरली.

“भिजवलेली हाय?” भुजंगरावांनी विचारलं.

“घरूनच,” मामा म्हणाले.

भुजंगरावांनी लावली, डोळे मिटले आणि फुंकर घातली. पहिला सूर मांडवावरून वर गेला आणि तिथंच थांबला. माझ्या अंगावर काटा आला, रेणू पहिल्यांदा रडली होती तसा. कॅसेटवाल्यानं वायर काढली.

वाजवणं संपल्यावर भुजंगरावांनी माइक ओढला. जिव्हाळी दोन बोटांत उंच धरून म्हणाले, “ह्याला तोंड म्हणतात. पन्नास वर्षं सोमवार धरलेल्या पुरुषाचं तोंड हाय हे. बाईमाणसाचं वारं बिलकुल लागलेलं न्हाई, म्हणून हा सूर.” असं म्हणून त्यांनी ती कपाळाला लावली आणि, प्रसाद घ्यावा तशी, परत तोंडात धरली.

मांडव टाळ्यांनी भरला. आत्याबाई पदरात तोंड खुपसून हलत होत्या, रडत नव्हत्या. मामा दोन शब्द बोलायला उठले. माइक दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता सांगतात. मग त्यांनी समितीचे आभार मानले, अण्णासाहेबांचे मानले, मांडववाल्याचे मानले आणि खाली बसले.

परतताना मामा माझ्या दोन पावलं पुढं चालत होते. कोपऱ्यावर थांबले, रेणूला कडेवर घेतलं आणि मागं न बघता म्हणाले, “भुजंगाला अजून सहा पाह्यजेत. असंच तोंड पाह्यजे म्हणला.” थोडं चालून पुन्हा म्हणाले, “जल्दी न्हाई. तुला सवड होईल तसं.” माझ्यासारख्या सव्वीस वर्षांच्या माणसालाही सवड विचारतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेतली पदवी भिंतीवर लागली, कॅलेंडरच्या जागी. मामा खाली घोरत होते. मी बोरू तासत बसले. रेणू त्या दिवशी झोपलीच नाही. माझ्या गुडघ्याला टेकून पातीवरचा भुसा फुंकत राहिली. मी जिव्हाळी तोंडात धरली. ‘पीं.’ बाहेरच्या खोलीतून कुणी काही विचारलं नाही. तेलाची बुधली फडताळातच राहिली.

रेणूनं पदवीकडं बोट करून विचारलं, त्यात काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं की जिव्हाळ्या करतात म्हणून आजोबांना मोठं म्हटलंय. तिनं काचेकडं बघितलं, घोरणाऱ्या आजोबांकडं बघितलं, माझ्या हातातल्या ब्लेडकडं बघितलं. सगळं जुळवायला तिला जरा वेळ लागला.

“आई,” ती म्हणाली, “मंग तू आजोबा कधी होणार?”