ताई बोलली असती

भाऊबीजेला चेतना गुरुग्रामहून फरीदाबादला भावाकडे आली खरी, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भावाचा, परीक्षितचा, स्कूटरला लागणाऱ्या रबरी सीलचा छोटा कारखाना होता आणि निम्म्याहून जास्त माल चेतनाच्या स्कूटर कंपनीत जायचा. भावाची फाइल तिने पहिल्याच दिवशी नातं सांगून दुसऱ्याकडे दिली होती. पण सगळ्या पुरवठादारांकडून पुढच्या वर्षी किती माल घ्यायचा याचा एकत्र आराखडा तिच्याच हाताखालून जायचा. प्रत्येक पुरवठादाराला फक्त त्याचाच आकडा कळवायचा, तोही वेळ आल्यावर. तोवर सगळं पोटात ठेवायचं, हीच तिची नोकरी. परवाच तिला कळलं होतं की परीक्षितचे सील ज्याला लागायचे, ते स्कूटरचं मॉडेल बंद होणार.

आणि हा शहाणा उद्या शेजारची शेड घेऊन दुसरं मशीन बसवायला निघाला होता!

“मी म्हटलं, आधी कंपनीकडून लेखी घ्या,” त्याची बायको इशिता निरांजन लावत म्हणाली.

“अगं यार, लेखी कशाला? ताई आहे ना तिथे! काही गडबड असती तर ताई बोलली असती.”

चेतनाने ओवाळायचं तबक उचललं. ती इमानाने गप्प होती आणि हा भोळा सांब त्या गप्प राहण्यालाच होकार समजत होता. सांगावं, तर विश्वासाने आपले आकडे देणाऱ्या सगळ्यांचा घात. न सांगावं, तर हा बुडणार. बोट धरून शाळेत नेलं होतं तिने याला. तिचा जीव नुसता तुटत होता.

तिने टिळा लावला, ओवाळलं.

“चलो, बोल. काय हवं ओवाळणीत?”

“एकच दे. तुझी बहीण त्या कंपनीत नाहीच, असं समजून धंदा कर. मी गप्प राहिले तर त्याचा काही अर्थ काढायचा नाही. हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं.”

“म्हणजे परक्यासारखं वागायचं?”

“धंद्यापुरतं, बिल्कुल परक्यासारखं.”

 प्रश्न परीक्षितच्या ओठांवर आलेला तिला दिसला. त्याने विचारलं असतं तर संपलंच होतं. या भावाशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

त्याने करंजी उचलली आणि तिला भरवली.

“दिली ओवाळणी,” तो म्हणाला. “सोमवारी कंपनीला लेखी विचारतो. उत्तर येईपर्यंत शेड नाही. आणि ताई, तोवर मला फोन करू नकोस. मी विचारून बसेन.”