टाचेचा आवाज

टक्.

दुपारच्या शांततेत तेवढा एकच आवाज झाला. खुर्चीत पेंगणाऱ्या आजीनं डोळे न उघडताच मान हलवली, कुणी हाक मारावी आणि तिनं मनातल्या मनात ओ द्यावी तशी.

“टेकली,” ती पुटपुटली.

खाली सतरंजीवर कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या तिच्या मुलीला हसू आलं. भिंगरी झाल्यापासून घरात सगळेच आईला आजी म्हणायला लागले होते, तीसुद्धा.

“आजी, झोप ना जरा. कान कसले लावून बसतेस?”

“झोपलेच आहे मी.”

आतल्या खोलीत भिंगरी स्वतःशी बोलत फिरत होती. पुढच्या महिन्यात पाच पूर्ण होणार होती. तिचं खरं नाव चांगलं ऐसपैस होतं, पण पाय जमिनीवर ठरेल तर शप्पथ, म्हणून भिंगरी. खेळात रमली की चवड्यांवर चालायची, आणि मग घरात मूल आहे की नाही तेच कळायचं नाही. त्यावर आजीनं गेल्या आठवड्यात उपाय काढला होता. भिंगरीच्या बुटांच्या टाचांना तिनं स्वतः दोन चिमुकले लोखंडी नाल ठोकले होते. नवऱ्याच्या बुटांच्या दुकानात जन्म गेलेला, हातोडी अजून सरळ पडत होती. टाच टेकली की टक्. नाही टेकली की काही नाही.

आता काही नव्हतं.

“टाच टेक गं!” आजी एकदम ओरडली.

टक् टक् टक्. आतून लगेच उत्तर आलं आणि पाठोपाठ खिदळणं.

सकाळीच तिघी पायांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या होत्या. भिंगरीचे तळवे पोळीसारखे सपाट आहेत, ही गोष्ट तिच्या आईला गेले कित्येक दिवस खात होती. बाईंनी हसून पोरीचा पाय मांडीवर घेतला.

“या वयात सपाटच असतात हो. लहानपणी तळव्याखाली चरबीची गादी असते. सहा-सात वर्षांपर्यंत कमान आपोआप दिसायला लागते. तुमचेही या वयात असेच असणार.” मग त्यांनी दोन्ही घोटे वर-खाली वाकवून पाहिले. “चवड्यांवर चालते म्हणालात. सांगितल्यावर टेकते ना टाच? घोटे तर छान वाकतायत. तरी लक्ष ठेवू. घरात आणखी कुणी असं चालायचं का?”

“नाही, कुणीच नाही,” ती ठामपणे म्हणाली होती. ती एकुलती एक. सांगण्यासारखं होतंच कोण?

बाईंनी कागदावर तसं लिहून घेतलं. शेजारी बसलेली आजी पर्सचं बटण उघडत होती, लावत होती, उघडत होती.

“दर महिन्याला ओल्या पायाचा ठसा खाकी कागदावर घ्या आणि पेन्सिलीनं गिरवून ठेवा,” निघताना बाई म्हणाल्या. “पुढच्या खेपेला आणा.”

ते आठवून तिनं शेवटची घडी बाजूला ठेवली.

“आजी, खाकी कागद असेल ना गं? बाबांच्या पेटीत?”

“नाही.”

“अगं, बाबा मापं त्यावरच तर घ्यायचे.”

“उंदरांनी ठेवलाय होय! बाजारातून आण चांगला.”

“दोन कागदांसाठी कुठे उन्हात पाठवतेस?” म्हणत ती उठली. आजी काहीतरी बोलली, पण तोवर ती आजीच्या खोलीत पोचून पलंगाखालची पेटी ओढत होती.

झाकण उघडताच चामड्याचा आणि पॉलिशचा वास आला. जणू बाबाच कामावरून उठून, हात पुसत जवळ उभे राहिले. वर हातोडी, खिळ्यांचा डबा, खाली दोरीनं बांधलेला जाड गठ्ठा. तिनं गाठ सोडली आणि जागच्या जागी बसली. पावलं होती. काळ्या पॉलिशच्या पाण्यात बुडवून उमटवलेली लहान पावलं, भोवती बाबांची पेन्सिल, कोपऱ्यात गोलात वयाचा आकडा.

“अय्या, माझीच की!”

तिच्या दर वाढदिवसाला बाबा डाव्या पायाचं माप घ्यायचे. फक्त डाव्याचं. उजवा त्याच्यावरून कापता येतो, म्हणायचे. तिची करंगळी शेजारच्या बोटाखाली घुसलेली, अजूनही तशीच आहे. ती ठशात अर्धीच उमटली होती. तीनचा कागद काढला. सपाट. चारचा. सपाट! पाचच्या ठशात आतल्या बाजूला किंचित वळण, सहात नखाएवढी कोर, सातात सुरेख कमान. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं सगळे कागद फरशीवर मांडायलाच घेतले. भिंगरीला दाखवायचे होते.

बाबांना सगळं लांबीप्रमाणे रचायची सवय होती. तारखा लिहायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. मापं ती मापं. म्हणून मांडता मांडता तिच्या आधी लक्षात आलं नाही की एकचे कागद दोन आहेत. दोनचेही दोन. तीनचे दोन.

कधीतरी उजव्याचंही घेतलं असेल.

तिनं दोन्ही तीन शेजारी ठेवले. दोन्हीकडे अंगठा एकाच बाजूला होता. दोन्ही डावेच. आणि एकात करंगळी छान सुटी, सरळ.

दुसऱ्या चारवर टाच फिकट होती. पॉलिश कमी पडलं असावं, असं म्हणत तिनं दुसरा पाच हातात घेतला.

पाच गोल टिंबं. त्यांच्याखाली चवड्याचा काळा पट्टा. पुढे कोरा कागद. पेन्सिलीची रेघ मात्र टाचेच्या जागेभोवती नीट फिरवलेली, तिथे काहीतरी असायला हवं होतं म्हणून. तिन्ही कागद एकापुढे एक पाहिले तर वाटत होतं, कुणीतरी दर वर्षी थोडं थोडं जमिनीवरून उचललं जातंय.

दुसरा सहा नव्हता. तिनं गठ्ठा तीनदा चाळला.

लहानपणी तिच्याही बुटांना नाल होते. शाळेत पोरं “घोडी आली, घोडी आली” करायची. रडून रडून तिनं साधे बूट मागितले होते, आणि एरवी तिच्या कुठल्याच हट्टाला नाही न म्हणणाऱ्या बाबांनी तेवढ्याला साफ नकार दिला होता. घरात ती जरा गप्प बसली की दोघांपैकी एकजण दारातून डोकावून जायचं. तिला वाटायचं, एकुलतीचे लाड.

लाड नव्हते ते. दोघं ऐकत होती.

दारात आजी उभी होती. किती वेळ, कोण जाणे. एक हात चौकटीवर.

“मी म्हटलं होतं त्यांना, दोघींचे वेगळे ठेवा म्हणून,” ती म्हणाली.

दोघींचे. तिनं कागद अलगद खाली ठेवला, जणू त्याला दुखेल.

“माझ्या आधीची?”

आजीनं मान हलवली. “हो. तुझ्या जन्माआधी दोन वर्षं गेली ती.”

“आणि सकाळी? बाईंनी विचारलं, मी नाही म्हणून मोकळी झाले. तू शेजारी बसली होतीस, आजी!”

“तू इतक्या खात्रीनं म्हणालीस...” आजी खाली बसली नाही, आत आली नाही. “वाटलं, तुझ्या तोंडून नाही आलं तर नसेलच.”

“काय झालं होतं तिला?”

“तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. आधी खेळच वाटायचा आम्हाला. किती हलकी चालते म्हणून कौतुक करायचो. मग सांगूनही टाच टेकेना. मग...” तिनं चौकटीवरून हात काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला. “आमची भिंगरी टेकवते गं. सांगितलं की टेकवते. मी रोज ऐकते.”

“उद्या सकाळी जायचं बाईंकडे. सगळं सांगायचं, तू स्वतः.”

“सांगेन.”

मग दोघींनाही एकदमच जाणवलं. घरात आवाज नव्हता. आजीनं कान टवकारले. टक् नाही, खिदळणं नाही.

“टाच टेक गं!” आजी ओरडली. आवाज चिरका आला.

आतून उत्तर आलं नाही.

ती वळली. भिंगरी तिच्या मागेच उभी होती, हातभर अंतरावर. कधी आली, कुठून आली, काही कळलं नव्हतं. नाल ठोकलेले बूट तिनं काखेत धरले होते. एक पाय फरशीवर आणि डावा नेमका त्या शेवटच्या कागदावर, पाच टिंबांवर पाच बोटं.

“आई, बघ! मला बरोब्बर बसतं.”

“टाच टेक, पिल्लू,” ती म्हणाली. शक्य तितक्या हळू.

भिंगरीनं वाकून खाली पाहिलं. पेन्सिलीच्या रेघेतली कोरी जागा पाहिली, मग आईकडे. टाच वरच होती.

“पण हिची कुठे गेली?”