तिसऱ्या कडव्यावर मळलेलं पीठ

बेकरीवाल्या मावशींना पावाचं पीठ मळताना घड्याळ लागायचं नाही. नवऱ्याच्या जोडीनं, देव हात सोडणार नाही असं सांगणारं चर्चमधलं जुनं गीत सुरू करायचं आणि ते संपलं की पीठ तयार. नवऱ्याला माती देताना लोकांनी तेच गीत म्हटलं आणि मावशींनी त्या गीताशी कायमची कट्टी केली. हात सोडणार नाही म्हणणाऱ्या देवानं त्यांचा माणूसच नेला होता, मग स्तुती कसली करायची?

त्या अंदाजानं घड्याळ लावून मळू लागल्या. पाव असे निघू लागले की एखादा फेकला तर खिडकीची काच फुटावी. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नसत, गुपचूप दुसरीकडे जात. हे असंच चाललं तर भट्टी विझणार, हे सुनेला दिसत होतं.

"आई, रागवू नका, पण पुन्हा गाऊन मळू या का?"

"तू गा. मी ऐकते."

सुनेचा आवाज गोड, पण गाडी सुसाट. पीठ हाताला चिकटतच होतं आणि सूनबाई शेवटच्या ओळीला पोचल्यासुद्धा.

"अगं, कुत्रं मागे लागलंय का तुझ्या?"

"चर्चमध्ये असंच म्हणतात, आई."

"म्हणत असतील. पण ह्यांचं तिसरं कडवं..."

ते तिसऱ्या कडव्याची प्रत्येक ओळ दोनदा म्हणायचे, तीही भसाड्या आवाजात. त्यावरून मावशींनी त्यांना जन्मभर टोमणे मारले होते.

"कसं म्हणायचे बाबा?"

नुसतं दाखवायचं म्हणून मावशींनी तोंड उघडलं. हात न सोडण्याची ओळ दुसऱ्यांदा म्हणताना डोळे वाहू लागले. हात पिठात, ते पुसायचीही सोय नव्हती, म्हणून त्या गातच राहिल्या. शेवटच्या दुखण्यात ह्यांचा आवाज गेला होता, तरी ओठ याच ओळीवर हलत होते, हे त्यांना आठवलं. ज्याला देवानं नेलं, तो देवावर रागावला नव्हता. रुसल्या होत्या त्या, आणि तेही नवऱ्याच्या वतीनं. मावशींना स्वतःचं हसू आलं आणि फार दिवसांनी बरं वाटलं. त्या दिवशीचे पाव दुपारच्या आत संपले.

रविवारी चर्चमध्ये तेच गीत निघालं. तिसऱ्या कडव्याला सगळे पुढे गेले आणि मावशी ओळ दुसऱ्यांदा म्हणत मोठ्यानं मागे राहिल्या. लोक वळून बघायला लागले. सुनेनं हळूच त्यांचा पदर ओढला.

"आई, तुम्ही एकट्याच मागे राहिलात."

"एकटी कुठे?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची ओळही दोनदा म्हटली.