न मानलेले आभार

सासर म्हणजे काय ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही परक्या ग्रहावर. लग्न मी केलं नाही. वेळ मिळाला नाही म्हणा, कुणी विचारलं नाही म्हणा, दोन्ही खरं आहे. पण त्या दरबारात मी तेवीस दिवस चेहऱ्यावर काही न दाखवता उभी राहिले, आणि तिथल्या सम्राटाला आम्ही दूतावासातले लोक आपसात 'मामंजी' म्हणायला लागलो. फरक एवढाच की सासरी मिळेल त्यात समाधान मानायचं असतं, आणि इथे समाधान मानलं की कुणीतरी मेलंच.

कशासाठी गेले होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आपलं एक मालवाहू यान वाट चुकून त्यांच्या हद्दीत शिरलं आणि त्यावरची तेवीस माणसं त्यांनी धरली. त्यात माझा धाकटा भाऊ होता. यानावर फिटर. सरकारला हे माहीत होतं. आमचे सचिव म्हणाले, "बाई, तुमच्या घरचं माणूस आहे आत. तुम्ही जीव तोडून काम कराल." शहाणा माणूस. स्वतःच्या घरचं कुणी आत असतं तर त्याने दुसऱ्यालाच पुढे केलं असतं.

माझ्या आधी एक राजदूत तिथे जाऊन आला होता, दुसऱ्या एका यानाच्या वेळी. फार सभ्य गृहस्थ. हातातून चमचा पडला तर चमच्याची माफी मागेल असा. तेव्हा एकोणीस माणसं अडकली होती. पहिल्या सकाळी मामंजींनी एक सोडला आणि हा गृहस्थ कमरेत वाकून म्हणाला, "आपले आभार मानावे तेवढे थोडेच." झालं. तिथेच प्रकरण मिटलं. उरलेले अठरा पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

तिथली रीतच तशी आहे. सम्राटाकडे मागायला आलेला समाधानी होईपर्यंत सम्राट देत राहतो, रोज सकाळी एक, त्याहून जास्त नाही. आपल्या दारातून कुणी असमाधानी गेलं नाही, यात त्याची सगळी थोरवी. पण घेणारा एकदा का खूश झाला की देणं संपलं. आणि तो खूश झाला की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरतं. हसलात, सुटलेल्या माणसाला जवळ घेतलंत, नुसता सुस्कारा टाकलात, तरी त्याचा अर्थ एकच, की मिळालं तेवढं पुरे. रडलात तरी तेच. ज्याची किंमत नाही त्याच्यासाठी कोण रडतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय प्रकरण मिटेपर्यंत कुणालाच तिथून हलता येत नाही. आमचं यान तळावर सील ठोकून ठेवलेलं होतं.

तेव्हा माझं काम म्हणजे रोज सकाळी दरबारात उभं राहायचं, सोडलेल्या माणसाकडे बघायचं आणि म्हणायचं, "एवढंच?" तीस वर्षं नोकरीत लोकांशी गोड बोलण्याचा पगार खाल्ला, आणि शेवटी हे.

दरबार म्हणजे एक लांबलचक, बिनखिडकीचं दालन. काळी फरशी, मधोमध पाणी वाहून जायला नाली. पहिल्या दिवशी मला वाटलं, फरशी धुवायला असेल. होती फरशी धुवायलाच. ती लोकं दोन माणसांएवढी उंच, अंगाला ओल्या लोखंडाचा वास, आणि डोळ्यांना पापण्या नाहीत. माझ्या दोन्ही बाजूंना बारा-बारा जण उभे असत, आणि त्यांचं काम फक्त माझा चेहरा बघणं. पिढीजात काम. तिसऱ्या दिवशी दार जरा जोरात आपटलं. मामंजींनी एक बोट हलवलं. दारवानाला त्याच दाराच्या फटीत उभा केला आणि दार पुन्हा लावलं, या खेपेला हळूहळू. चोवीस जणांपैकी एकाने तिकडे मान वळवली असेल तर शपथ. ते माझ्याकडेच बघत होते. मग फरशी धुतली, आणि त्या दिवशीचा माणूस आणला. मी म्हटलं, "एवढंच?"

दुभाष्या त्यांच्यातलाच होता. आपली भाषा कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून शिकलेला. "बाईसाहेबांस निद्रा सुखाची लाभली काय?" असं रोज विचारायचा. मी रोज म्हणायचे, "गादी टोचते." गादी उत्तम होती, पण उत्तम आहे म्हणायची सोय नव्हती. आमच्या मुक्कामाच्या इमारतीतही प्रत्येक खोलीत एक बघणारा भिंतीला टेकून उभा असे. मी जेवताना, कपडे वाळत घालताना, न्हाणीघरातसुद्धा. सुटलेली माणसं त्याच इमारतीत, खालच्या मोठ्या खोलीत ठेवली होती. मी तिकडे फिरकत नव्हते. त्यांच्यातलं कुणी "बाई" म्हणून हात धरला आणि माझ्या चेहऱ्याने दगा दिला, तर आतल्यांचं काय? आमचा डॉक्टर त्यांच्याकडे बघायचा आणि मला वर येऊन सांगायचा.

नवव्या दिवशी धाकटा आला.

तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय. त्याचं पहिलं पाऊल मी पाहिलंय, आईने नाही, ती कामावर होती. आता त्याचं डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली, आणि श्वास घेताना छातीतून करवत चालल्यासारखा आवाज. आधीच्या आठांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना फक्त आपल्याकडची एक बाई दिसली होती. त्याला मी दिसले. "ताई," म्हणाला आणि दोन्ही हात पुढे करून चालत आला.

मी एक पाऊल मागे सरले. "एवढंच?"

त्याचे हात तसेच राहिले. त्याला काय माहीत रीत. त्याला वाटलं, मी त्याच्याबद्दल म्हणतेय. तसं मी त्याच्याबद्दलच म्हणत होते, नाही का?

मामंजी काहीतरी बोलले. दुभाष्या म्हणाला, "सम्राट पृच्छा करतात, या मनुष्याचे नाक आणि आपले नाक एकच आहे काय?"

"नाकं आमच्याकडे सगळ्यांना असतात," मी म्हटलं.

चोवीस जण वाकून जवळ आले.  माझा चेहरा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दहावा माणूस मिळाला.

त्याच दुपारी डॉक्टर वर आला. बघणारा कोपऱ्यात होता, त्याला आपले शब्द कळत नसले तरी चेहरे कळायचे, म्हणून डॉक्टर औषधांची यादी वाचावी तसा सपाट बोलला. धाकट्याला आत खाणीत कामाला लावलं होतं, फुप्फुसात धूळ बसलीय, घरी मोठ्या दवाखान्यात नेला तर वाचेल. "इथे?" मी विचारलं. "इथे दहा दिवस. फार तर बारा." आत अजून तेरा माणसं होती. म्हणजे तेरा दिवस. हा हिशोब करायला कुणाला राजदूत व्हायला लागत नाही.

मी डॉक्टरला म्हटलं, "त्याला सगळं समजावून सांगा. मी मागे का सरले ते, आत किती राहिलेत ते." डॉक्टर म्हणाला, "सांगितलंय." मग त्यानं काय म्हटलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. भ्यायले मी, दुसरं काय.

पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "तो तुम्हाला बोलावतोय. रोजच बोलावतोय." तेव्हा गेले. खालची खोली लांब, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, टोकाला पाण्याची टाकी. त्याच्यासकट पंधरा जण होते आणि सगळे एकदम गप्प झाले. तो टोकाच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता, आडवं झालं की श्वास अडकायचा. मी दोन हात लांब उभी राहिले. बघणारा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "आभार मान त्याचे."

बघणारा वाकून माझ्या तोंडाजवळ आला.

"आत आठ जण आहेत. मी सगळ्यांना ओळखतो. एकाच्या डब्यातलं मी खाल्लंय चार वर्षं." मध्ये त्याला थांबावं लागलं. "तरी सांगतोय. आभार मान. मला घरी जायचंय."

बाकीच्या चौदांपैकी एकानेही त्याला गप्प बस म्हटलं नाही. त्यांनाही घरी जायचंच होतं, आणि माझ्या एका शब्दावर त्या संध्याकाळी सगळे निघाले असते. मी इतकं खोटं कुणाशी बोलले नसेन जितकं त्या वेळी माझा चेहरा बोलला. मला त्याचं डोकं पोटाशी धरायचं होतं. हो म्हणायचं होतं, सरळ दरबारात जाऊन लोटांगण घालायचं होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "जेवलास का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी जिना चढून वर आले.

विसाव्या दिवशी दुपारी, मी दरबारातून परतून बूट काढत होते, तेव्हा डॉक्टर दारात आला आणि नुसतीच मान हलवली. मी दुसरा बूट काढला. जेवणाचं ताट आलं, ते जेवले. बघणारा सगळा वेळ माझ्या तोंडाला तोंड लावल्यासारखा जवळ उभा होता. खाल्लं काय ते विचारू नका. आत तीन माणसं होती.

एकविसाव्या सकाळी मामंजींनी कुणाला आणलंच नाही. आधी दुभाष्याला पुढे केला. "सम्राट म्हणतात, आम्ही दिलेल्यातील एक काल नष्ट झाला. बाईसाहेबांस दुःख झाले काय?"

 मला कळत होतं, हो म्हणाले तर तीन गेले. गप्प राहिले तर चेहरा बोलेल, कारण चेहऱ्यात आता काही त्राण उरलं नव्हतं. मग मला राग आला. देवाने मला बुद्धी बेताचीच दिली पण राग भरपूर दिलाय, आणि त्या सकाळी तोच कामी आला. मी मामंजींच्या त्या उघड्या डोळ्यांत बघून म्हटलं, "दिलेलंच कमी होतं. त्यात तुम्ही नासकं दिलंत."

माझ्या भावाला मी नासकं म्हटलं. भर दरबारात. चोवीस जणांनी ते तपासलं आणि त्यांना माझ्या चेहऱ्यावर फक्त संताप दिसला, म्हणजे असमाधान. त्यांनी एकविसावा माणूस आणला. बाविसावा दुसऱ्या दिवशी, त्याचे डोळे गेलेले. तेविसावा यानावरचा म्हातारा आचारी, दोघांनी धरून आणलेला.

आता मागायला काही उरलं नव्हतं, तेव्हा आभार मानणं भाग होतं. आणि खोटे आभार तिथे चालत नाहीत, त्याला दाराची फट आहे. मी गुडघे टेकले आणि म्हटलं, "आपण दिलंत, मी समाधानी आहे." चोवीस जण जवळ आले, बराच वेळ बघत राहिले आणि मागे झाले. खरं होतं ते. बावीस माणसं जिवंत होती आणि मला आनंद झाला होता, त्या राक्षसासमोर गुडघ्यावर बसून मला मनापासून आनंद झाला होता. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी यानाचं सील निघालं. धाकट्याला आम्ही मालाच्या थंड कप्प्यात ठेवून आणला.

घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. सचिव म्हणाले होते, म्हातारीला सगळं सांगायची गरज नाही. पण माझ्या आईपासून काही लपून राहत नाही, आणि मला आता चेहरा धरून ठेवणं जमत नव्हतं. तो काय म्हणाला तेही सांगितलं, मी काय म्हटलं तेही. ती तांदूळ निवडायला बसली होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याच्यानंतर जे सुटले, ते किती?"

"चौदा."

"त्यांना बोलाव एकदा. मला बघायचेत."

एका रविवारी सकाळी आले, चौदाच्या चौदा. कुणी बायकोला घेऊन, कुणी काठी टेकत. डोळे गेलेल्याला त्याच्या बहिणीने हाताला धरून आणलं. आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात, पलंगावर बसली, उंबऱ्यावर बसली. आई एकेकासमोर स्टूल ओढून बसली. वय किती, घरी कोण कोण, झोप लागते का, एवढंच विचारत होती. प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होती. ती माणसं माझ्या पाया पडायला आली की मी आत चहा बघायला जात होते. म्हातारा आचारी आईला म्हणाला, "आजी, तुमच्या लेकीमुळे आम्ही आहोत." आईने त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "असा. सुखी राहा."

सगळी मंडळी गेल्यावर मी कपबशा गोळा करत होते. आई अजून त्या स्टुलावरच होती.

"चांगली आहेत सगळी," ती म्हणाली. "त्या आंधळ्याची बहीण किती जपते त्याला."

"हो."

"मी असते तिथे, तर नवव्या दिवशीच आभार मानले असते."

मी "हो आई" म्हटलं. कपबशा आत नेल्या आणि धुवायला घेतल्या.