लवू परबाची तब्येत

"थांब रे मेल्या! खंय चल्लंस?"

धाकूतात्यांनी मनगट इतक्या जोरात धरलं की लवू परबाच्या हातातला डबा हिंदकळला. नव्वद फुटी रस्ता रिकामा होता. लांबून एक हातगाडी येत होती, तीही केळ्यांची.

"तात्या, गाडी नाय, घोडा नाय. बावीस वर्षं मी हाच रस्ता ओलांडतोय."

"तेवा तू तुझो होतंस," तात्या म्हणाले. "आता माझो फंड आसा तुझ्या खात्यात. हातगाडी जाव दे."

हातगाडी सावकाश आली. गाडीवाल्यानं आशेनं वेग आणखी कमी केला. लवूनं हात पुढे केला, तर तात्यांनी तो खाली केला. "केळ्यान कफ होता." मग दोन्ही बाजूंना तीन-तीनदा बघून त्यांनी लवूला नवरीसारखं पलीकडे नेलं आणि साकीनाक्याच्या बसमध्ये बसवूनच ते घरी परतले.

हे सगळं लवूच्या मुलीमुळे झालं होतं. सुलक्षणा बारावी झाल्यापासून चर्चगेटजवळच्या अमेरिकन लायब्ररीत जाऊन कॉलेजांच्या उशीएवढ्या जाड डिरेक्टऱ्या वाचत असे. अर्जाची फी भरायची ऐपत नाही, तेव्हा ती माफ करा, असं परदेशातल्या कॉलेजांना लिहिता येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लिहिता येत नाही, हेही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तिनं लिहिलं. काही कॉलेजांनी नुसतेच हिरवळीचे रंगीत फोटो पाठवले. ते तिच्या आईनं, जानकीनं, फडताळात डब्यांखाली अंथरले. पण ओहायोमधल्या एका कॉलेजनं फी, हॉस्टेल आणि जेवण, सगळं माफ केलं. फोर्टातल्या एका ट्रस्टनं विमानाच्या तिकिटाला बिनव्याजी पैसे दिले. देण्यापूर्वी तिला स्वयंपाक येतो का, हे त्यांनी तीनदा विचारलं.

उरला होता वरखर्च. पुस्तकं, गरम कपडे, विमा. सुट्टीत कॉलेजातच काम करून तो ती भागवणार होती, पण व्हिसासाठी वडिलांच्या खात्यात बेचाळीस हजार रुपये दिसायला हवे होते. लवूच्या खात्यात पासबुक जिवंत राहण्यापुरते पैसे असत.

"द्यायचे नाहीत हो, फक्त उभे करायचे," तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाशनं गच्चीवरच्या मीटिंगमध्ये समजावलं. तो सहकारी बँकेत क्लार्क होता, त्यामुळे पैशाच्या बाबतीत बिल्डिंग त्याचं ऐकत असे. "फोटोला पाहुणे उभे करतो ना, तसे. फोटो झाला की आपापल्या घरी."

पंतनगरातल्या त्या बिल्डिंगनं मग पाहुणे उभे केले. संपात मिल बसली तेव्हा मिळालेला धाकूतात्यांचा फंड आला. म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया असलेल्या सुंदराबाईंनी लेकीच्या लग्नाचे साठवलेले पैसे आणले. तिसऱ्या मजल्यावरच्या शकुची भिशी आली, गणपतीच्या मूर्तीचेही पैसे आले. सगळं भरून झाल्यावर शकुनं विचारलं, "पण लवूकाकांना काही झालं तर?"

चंद्रप्रकाश प्रामाणिक माणूस होता. "मग वारस दाखला, कोर्ट. दोन वर्षं धरा."

गच्चीवरच्या सगळ्यांनी लवूकडे पाहिलं. इतकं निरखून त्याच्याकडे लग्नात जानकीनंही पाहिलं नव्हतं.

तशी लवूला कुणी बघायची सवय नव्हती. साकीनाक्याच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. जाळीच्या खिडकीतून बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. पलीकडच्यांना त्याचा फक्त हात दिसे. एकदा तो तापानं आठवडाभर घरी होता. बदली माणूस खिडकीत बसला आणि ते कुणाला कळलंच नाही. रुजू झाल्यावर लवूनं सुट्टीचा विषय काढला, तर फोरमन म्हणाला, "कधी घेतलीस?"

तो लवू आता बिल्डिंगचा लाडका झाला. सकाळी शकु मुगाचं कढण घेऊन येई आणि संपेपर्यंत समोर उभी राही. त्याच्या विड्यांचा बंडल तिनं पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला होता. सुंदराबाई वरच्या कठड्यावरून ओरडत, "ओ परबभाऊ, जिना धुतलाय! कठड्याला धरून उतरा, पडशीला!"

बुधवारी संध्याकाळी तो शिंकला. दुसरी शिंक येईपर्यंत शकु तुळशीचा काढा घेऊन दारात होती. मागोमाग घोंगडी घेऊन तात्या आले आणि रविवारी ज्यांनी कॅरमचा आवाज होतो म्हणून भांडण काढलं होतं, ते समोरचे बिऱ्हाडकरू वाफाऱ्याचं पातेलं घेऊन आले.

"नाकात मिरीची पूड गेली हो," लवू म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात," शकु म्हणाली. "प्या."

जानकी पदर तोंडाला लावून हसत होती. "लग्न झाल्यापासून सांगत्येय, विडी सोडा. माझं नाही ऐकलंत. बेचाळीस हजारांचं बरं ऐकता!"

लवूनं काढा प्याला. कडू होता, पण घोंगडीत गुरफटून, पाच-सहा माणसं आपल्या नाकाकडे काळजीनं बघताहेत, असं बसायला त्याला आवडलं. आणखी एखादी शिंक यावी, असंही वाटलं. मग त्याची नजर कोपऱ्यात कागदपत्रं लावत बसलेल्या सुलक्षणाकडे गेली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरीचं सगळं शुक्रवारच्या व्हिसाच्या मुलाखतीवर टांगलेलं, आणि आपण शिंकांची वाट बघतोय.

शुक्रवारी चंद्रप्रकाश तिला वकिलातीत घेऊन गेला. लवूनं रजा टाकली होती, पण त्याला कुणी नेलं नाही. दक्षिण मुंबईत ट्रॅफिक फार. दुपारपर्यंत अख्खी बिल्डिंग अंगणात जमली. तात्यांनी लवूला सावलीत खुर्ची दिली आणि ते स्वतः उन्हात उभे राहिले.

कोपऱ्यावर सुलक्षणा दिसली. ती चालत नव्हती, पळत होती. मागून फाइल छातीशी धरून चंद्रप्रकाश धापा टाकत येत होता.

"मिळाला! बाबा, मिळाला!"

मग जो गोंधळ झाला तो पुढच्या बिल्डिंगला गोविंदा आल्यासारखा वाटला. शकुनं जानकीला उचललं. जानकी "अगं सोड, पाडशील" म्हणत रडली. लवूनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरला.

गलका ओसरल्यावर तात्यांनी मुद्द्याला हात घातला. "आणि बँकेचो कागद बघून सायब काय म्हणालो?"

सुलक्षणानं चंद्रप्रकाशकडे पाहिलं. चंद्रप्रकाशनं आभाळाकडे.

"बघितलाच नाही," ती म्हणाली. "फाइलमधनं काढला पण नाही."

"बघूकच नाय?" तात्यांचा चेहरा पडला. "माझो फंड? आठवडोभर ह्येका हाताक धरून रस्तो पार करतंय, आणि त्येनी बघूकच नाय?"

"मग काय विचारलंन?" शकु म्हणाली.

"कॉलेजचं पत्र वाचलं, आणि म्हणाला, शिकून परत येशील कशावरून? मी म्हटलं, आले नाही तर आमच्या बिल्डिंगमधले लोक माझ्या बाबांना रस्ता ओलांडू देणार नाहीत."

"अगो बाई! मग हसला?"

"नाही. शिक्का मारला."

यावर सुंदराबाई एवढ्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

सोमवारी लवूनं पैसे काढले आणि दारात टेबल मांडून, खिडकीत बसल्यासारखा, ज्याचे त्याला मोजून दिले. सवयीनं सह्याही घेतल्या. सगळ्यात आधी सुंदराबाई आल्या. लेकीच्या लग्नाची तारीख जवळ होती. शेवटी तात्या आले आणि दोनदा मोजून गेले.

मंगळवारी कढण आलं नाही. शकुनं विड्यांचा बंडल परत केला. तीन विड्या कमी होत्या, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तात्या ओट्यावर पेपर वाचत होते. लवू समोरून गेला तेव्हा त्यांनी पान उलटलं. नव्वद फुटी रस्ता त्यानं एकट्यानंच ओलांडला. हायसं वाटलं, असं त्यानं जानकीला सांगितलं.

ऑगस्टमध्ये सुलक्षणा गेली. दोन टॅक्सी भरून बिल्डिंग तिला पोचवायला सहारच्या विमानतळावर गेली होती. जानकीनं दिलेल्या मेतकुटाच्या डब्याला कुणी हात लावू नये म्हणून तात्यांनी तो आत जाईपर्यंत स्वतःच्या मांडीवर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी लवू कामाला निघाला. सुलक्षणाची जाड पुस्तकं ठेवायची फळी रिकामी होती. तिच्याकडे न बघता त्यानं चपला चढवल्या, डबा घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी आला.

"ओ परबभाऊ!" वरून हाक आली. हातात खराटा घेऊन सुंदराबाई कठड्यावरून वाकल्या होत्या. "आत्ताच धुतलाय. कठड्याला धरून उतरा, पडशीला!"

लवूनं वर पाहिलं. सुंदराबाईंचे पैसे परत केल्याला दीड महिना झाला होता. लेकीचं लग्न लागून तिचं सासरही सुरू झालं होतं.

डबा त्यानं डाव्या हातात घेतला. बावीस वर्षं तो जिना धडधड उतरत आला होता. आज कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तो सावकाश उतरला.